मुक्काम शहरात, पेरणी रानात

शहरातल्या वटवाघळांविषयी मराठीत जे काही लिहिले जाते त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात तक्रार असते: झाडाखाली घाण पडते, वास येतो, कलकलाट थांबत नाही, आणि आता तर रोगांचीही भीती. दुसऱ्यात कौतुक असते: वटवाघूळ हा निसर्गाचा माळी, त्याच्यावाचून जंगले उगवायची नाहीत, सबब त्याला वाचवा. तक्रार करणारा झाडाखाली उभा राहून वर बघतो. कौतुक करणारा मनातले जंगल शहरातल्या झाडावर डकवतो. दोघांची अडचण मात्र एकच आहे. ज्या प्राण्याचे निम्मे आयुष्य अंधारात, मुक्कामापासून कोसभर लांब जाते, त्याचा हिशेब ते मुक्कामाच्या झाडापाशीच मांडतात. या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाला सुरुवातीलाच एक सुचवावेसे वाटते. फलाहारी वटवाघळाचे शहराशी नाते काय, हे ठरवताना फक्त झाड बघू नये. त्या झाडाभोवती रात्रीच्या उड्डाणाने जे वर्तुळ आखले जाते ते सगळे बघावे. मग तक्रारींतले खरेखोटे वेगळे करता येते, कौतुकाचा फुगवटाही उतरतो, आणि मागे जे उरते ते दोन्हींहून मोलाचे ठरते. शहर हे या प्राण्यांचे प्रामुख्याने राहण्याचे ठिकाण आहे. त्यांच्या कामाचा मोलाचा भाग वेशीबाहेर होतो. त्यामुळे एखाद्या महानगरपालिकेने आपल्या हद्दीतल्या वडावर कुऱ्हाड चालवली, तर त्याची किंमत कुठल्या तरी डोंगरउतारावर, कुठल्या तरी मोहाच्या बनात चुकवली जाते, आणि ती त्या पालिकेच्या कोणत्याही कागदावर दिसत नाही.

आधी हे प्राणी कोण ते पाहू. भारतात वटवाघळांच्या सुमारे 130 जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक कीटकांवर जगतात. फळे, फुलांतला रस आणि पराग खाणाऱ्या जाती डझनभराहून थोड्याच अधिक. महाराष्ट्रातल्या शहरांत नेहमी भेटतात त्या तीन. पहिले ते टेरोपस, उघड्यावर मोठ्या झाडाला शेकड्यांनी लटकणारे, पंख पसरले की चार फुटांच्या आसपास भरणारे, तांबूस मानेचे आणि कोल्ह्यासारख्या तोंडाचे. दुसरे आखूड नाकाचे सायनॉप्टेरस, मुठीएवढे, ताडामाडाच्या झावळ्यांखाली किंवा भेरली माडाच्या लोंबत्या घोसांत पोकळी करून राहणारे. या जातीत नर पाने आणि देठ कुरतडून आडोसा तयार करतो आणि माद्या तिथे येतात. तिसरे रूझेट्टस, गुहा, भुयारे, किल्ल्यांचे अंधारे कोनाडे आणि पडक्या इमारती यांत राहणारे. वटवाघळे आंधळी असतात आणि आवाजाच्या पडसादावर उडतात ही समजूत या गटाला मुळीच लागू पडत नाही. टेरोपसचे डोळे मोठे आणि अंधारात चांगले काम देणारे असतात. ते नजर आणि वास यांच्या भरवशावर फळ शोधते. तिघांत फक्त रूझेट्टस पडसादाचा उपयोग करते, आणि तेही जिभेने टकटक आवाज काढून. उलटे लटकणारे वटवाघूळ तोंडानेच खाते आणि तोंडानेच विष्ठा टाकते, ही गावोगावची समजूतही अशीच निराधार आहे. वटवाघूळ फळ चावून रस गिळते आणि चोथा थुंकते, त्यावरून ती निघाली असावी. विष्ठेच्या वेळी ते अंगठ्यांच्या नख्यांनी फांदी धरून सुलटे होते. सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की टेरोपसच्या मादीला वर्षाला सहसा एकच पिल्लू होते. उंदीर-घुशींच्या वेगाने संख्या भरून काढणे या प्राण्याला जमत नाही.

आपण या प्राण्यांकडे किती थोडे लक्ष दिले, याचा एक दाखला मुंबईतच आहे. तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात अँगस हटन यांनी 1948 मध्ये एक फलाहारी वटवाघूळ पकडले. त्याचा नमुना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात नेहमीच्या सायनॉप्टेरसच्या नावाने जमा झाला. थायलंडचे अभ्यासक किट्टी थोंगलोंग्या यांनी तो तपासला तेव्हा लक्षात आले की ही जात नवी आहे, आणि जातच काय, प्रजातीही नवी आहे. 1972 मध्ये तिला सालिम अली यांचे नाव देण्यात आले. चोवीस वर्षे हा दुर्मीळ प्राणी ‘नेहमीचे वटवाघूळ’ म्हणून पडून होता. हा दोष संग्रहालयाचा मानण्याचे कारण नाही. वटवाघूळ म्हटले की दुसऱ्यांदा बघायचे नाही, ही आपली सार्वत्रिक सवय आहे.

मग ही वटवाघळे शहरात आली कशी? खरे तर काही ठिकाणी ती आली नाहीतच. शहर त्यांच्यापर्यंत आले. पण काही ठिकाणी ती खरोखर स्थलांतर करून आली, आणि त्याचा उत्तम अभ्यासलेला नमुना ऑस्ट्रेलियातले मेलबर्न हा आहे. करड्या डोक्याचे टेरोपस पूर्वी तिथे केवळ अधूनमधून दिसे. 1980 च्या दशकात ते तिथल्या रॉयल बोटॅनिक गार्डन्समध्ये कायमचे राहू लागले आणि पुढे हजारोंच्या संख्येने वाढले. कर्स्टन पॅरिस आणि डॉना हेझेल यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण हवामानात शोधले. काँक्रीट आणि डांबराने शहराची उष्णता वाढली, कडाक्याच्या थंडीच्या रात्री कमी झाल्या, बागांना वर्षभर पाणी मिळू लागले. थोडक्यात, मेलबर्नचे हवामान या प्राण्याच्या मूळ प्रदेशासारखे झाले. शिवाय रस्त्यांच्या कडेने आणि बागांमधून देशाच्या निरनिराळ्या भागांतली झाडे लावली गेल्याने बाराही महिने काही ना काही फुलत-फळत राहिले. वटवाघळांनी शहरावर आक्रमण केले असे तिथले लोक म्हणत. शहरानेच त्यांना हवे तसे घर बांधून ठेवले होते, ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

आपल्याकडच्या शहरांत हवामानाचा प्रश्न नव्हता, पण बाकीचे सगळे लागू पडते. गावाबाहेरचे वड, पिंपळ आणि चिंचा रस्ता रुंदीकरणात गेले. सरकारी आवारे, छावणीचे भाग, जुन्या बागा आणि दफनभूमी इथली झाडे मात्र अनेक ठिकाणी टिकली. ब्रिटिशांच्या काळात रस्त्यांकडेला लावलेले पर्जन्यवृक्ष आता विस्तीर्ण झाले आहेत, आणि मोठ्या वस्तीला लागते तशी उंच, मोकळी, आडव्या फांद्यांची जागा त्यांवर मिळते. दिल्लीत जनपथासारख्या भर वर्दळीच्या रस्त्यावर टेरोपसची वस्ती आहे, आणि कोलंबोच्या विहारमहादेवी उद्यानातही. गावाकडे मांसासाठी किंवा ‘सांधेदुखीवरच्या तेला’साठी वटवाघळे मारली जातात, शहरात सहसा कोणी बंदूक चालवत नाही. खाण्याची सोय तर आपण हाताने केली आहे. गृहसंकुलांच्या कुंपणालगत ओळीने उभा असणारा, ज्याला आपण सर्रास अशोक म्हणतो तो उंच सरळसोट वृक्ष, त्याची फळे वटवाघळांना अतिशय प्रिय. देशी बदाम, जांभूळ, बकुळ, उंबर, पेरू आणि शाळांच्या आवारातली सिंगापूर चेरी यांची भर. पाण्यासाठी तलाव आणि नदीचे डोह लागतात. टेरोपस उडता उडता पोट पाण्यावर घासते आणि नंतर फांदीवर बसून अंगावरचे पाणी चाटते. शहराला तलाव बुजवायची घाई झालेली असते तेव्हा ही तहान कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता कामाकडे. फुलांचे काम आधी घेऊ, कारण त्याची चर्चा कमी होते. काही झाडांची फुले रात्री उमलतात, फिकट रंगाची असतात, उग्र वास सोडतात, पानांच्या गर्दीबाहेर मोकळी लोंबतात आणि भरपूर रस देतात. ही रचना वटवाघळासाठीच असते, कारण एवढ्या मोठ्या पाहुण्याला पानांतून वाट काढता येत नाही. टेटू हे आपल्या जंगलातले याचे ठळक उदाहरण. पांढऱ्या सावरीवर वटवाघळे येतात, आणि आफ्रिकेतून इथे आलेली गोरखचिंच व सॉसेजच्या आकाराची फळे धरणारा किगेलिया हे दोन परके वृक्षही आपल्याकडे फळतात यात इथल्या वटवाघळांचा वाटा आहे. मोहाचे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. वटवाघळे मोहाच्या मांसल पाकळ्यांसाठी झुंडीने येतात, त्यांच्या तोंडाला आणि मानेला पराग लागतो, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना परागीभवन होते. गडचिरोली, मेळघाट किंवा नंदुरबारच्या आदिवासी घरात मोहफुलाला आणि टोळंबीच्या तेलाला काय किंमत आहे ते सांगायला नको. फुले पडतात ती झाडाच्या कर्तृत्वाने. टोळंबी धरते ती मात्र पराग इकडून तिकडे नेणाऱ्याच्या कृपेने.

बियांचे काम अधिक परिचित आहे, पण त्यातला नेमका मुद्दा निसटतो. बिया पक्षीही पसरवतात, मग वटवाघळाचे विशेष काय, असा रास्त प्रश्न विचारला जातो. विशेष दोन आहेत. पक्षी बहुधा फांदीवर बसून विष्ठा टाकतात, त्यामुळे त्यांनी खाल्लेल्या बिया मोठ्या प्रमाणात आधीच उभ्या असलेल्या झाडांखाली पडतात, आणि फळे खाणारे बरेच पक्षी उघडा माळ ओलांडायला नाखूश असतात. वटवाघूळ अंधारात उघड्यावरून निर्धास्त उडते आणि उडता उडता विष्ठा टाकते. उंबर-वडाच्या बारीक बिया म्हणूनच बोडक्या जमिनीवर पडतात, जिथे त्यांची गरज असते. दुसरे विशेष आकाराचे. देशी बदाम, उंडी यांसारखी मोठी फळे गिळणे बहुतेक पक्ष्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. वटवाघूळ ती तोंडात धरून दूरच्या फांदीवर नेते, गर खाते आणि बी खाली टाकते. काजूचे बोंड ते असेच नेते. कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या केरळातल्या अभ्यासात असे आढळले की वटवाघळांनी टाकलेल्या काजूसारख्या बिया गावकरी गोळा करतात आणि त्यात आपला फायदा मानतात. ज्या प्राण्याला शेतीचा शत्रू म्हणून कायद्याने गणले, त्याच्या मागे टोपली घेऊन फिरणारे शेतकरीही होते, एवढे यातून दिसते.

शहर आणि रान यांचा दुवा दाखवणारा सर्वांत भक्कम पुरावा घानाच्या राजधानीतून येतो. अक्रा शहरात 37 नावाचे लष्करी रुग्णालय आहे, आणि त्याच्या आवारातल्या झाडांवर गवती रंगाच्या फलाहारी वटवाघळांची प्रचंड वस्ती असते. एका मुखियाला उपचारांसाठी इथे आणले, त्याच्या पाठोपाठ ही वटवाघळे आली, तो मरण पावला आणि ती अजून त्याची वाट बघत थांबली आहेत, अशी तिथली दंतकथा. शास्त्रज्ञांनी या जातीच्या वटवाघळांवर जीपीएस यंत्रे बसवून त्यांच्या रात्रीचा माग काढला. बारीक बिया पोटात राहण्याचा वेळ आणि उड्डाणाचा मार्ग यांची सांगड घातल्यावर काही बिया 75 किलोमीटरपर्यंत पोहोचू शकतात असे निघाले. 2019 मध्ये मारिएल फान तूर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार अक्रातली सुमारे दीड लाखांची वस्ती एका रात्रीत तीन लाखांहून अधिक बारीक बिया पसरवते, आणि असा समूह सुमारे 800 हेक्टर उजाड जमिनीवर जंगल पुन्हा उगवण्याची सुरुवात करून देऊ शकतो. यात एक इशारा द्यायला हवा. हे आकडे उचलून पुणे-नागपूरला लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपली जात वेगळी, आपल्या वस्त्या शेकड्यांच्या किंवा काही हजारांच्या, आणि हे आकडेही प्रतिमानातून काढलेले. पण तत्त्व तेच राहते: राजधानीच्या मध्यभागी, रुग्णालयाच्या आवारात झोपणारा प्राणी दहा कोस दूरच्या जंगलाचे भवितव्य ठरवू शकतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, आणि वटवाघळांचे समर्थक नेमका तोच टाळतात. शहरात पडणारे बी पडते कुठे? डांबरावर, गच्चीवर, पन्हळीत आणि भिंतीच्या भेगेत. तिथे रुजलेला पिंपळ जंगल होत नाही; तो इमारत फोडतो. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या शिखरांवरचे पिंपळ पक्ष्यांनी पेरले तसे वटवाघळांनीही पेरले आहेत. शिवाय शहरात परकी झाडे भरपूर असल्याने ती पसरवण्यातही त्यांचा हात लागतो. सिंगापूर चेरी पडीक जागांत आपोआप उगवते ती त्यामुळेच. हे सगळे मान्य करावे. शहराच्या हद्दीत वटवाघळाची पेरणी बरीचशी वाया जाते आणि थोडी त्रासाचीही होते. म्हणूनच त्याचे मोल हद्दीत मोजायचे नाही. टेरोपसला रात्री पंधरा-वीस किलोमीटरचा पल्ला जड नसतो. एवढ्या अंतरात मुंबईतून ठाण्याची खाडी आणि येऊरचे डोंगर येतात, पुण्यातून सिंहगडाच्या आणि कात्रजच्या बाजूचे उतार. वणवे आणि चराईने बोडके झालेले हे उतार म्हणजे नेमकी ती जागा, जिथे उघड्यावरून उडणाऱ्याची गरज असते. वनखाते तिथे खड्डे खणून रोपे लावते, पाणी घालते आणि त्यातली किती जगली ते मोजते. वटवाघळाच्या पेरणीला यातले काहीच लागत नाही. बहुतेक बिया मरतात, पण तेवढी उधळपट्टी निसर्गाच्या हिशेबात धरलेलीच असते.

फळबागांचा आक्षेप शहराबाहेरचा असला तरी टाळता येत नाही, कारण बागेत येणारे वटवाघूळ शहरात झोपते. द्राक्षबागायतदाराचे नुकसान खरे असते, आणि ज्याने कर्ज काढून मांडव उभा केला त्याला पर्यावरणाचे धडे देण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी तपासाव्यात. आंबा आणि चिकू बाजारासाठी पाडाला येण्याच्या बेतात असतानाच उतरवतात. वटवाघूळ पिकलेले फळ शोधते, त्यामुळे त्याच्या वाट्याला बरेचदा उतरवायचे राहिलेले आणि खाली पडण्याच्या बेतात असलेले फळ येते. जिथे फळ झाडावरच पिकते तिथे उपाय जाळीचा आहे, आणि तो मारण्याहून खात्रीचा आहे. मॉरिशसने दुसरा मार्ग धरून पाहिला. लिची आणि आंब्याच्या बागायतदारांच्या दबावाखाली तिथल्या सरकारने 2015 मध्ये कायदा बदलला, आणि दोन हंगामांत तीस हजारांहून अधिक टेरोपस मारले. फळांचे उत्पादन वाढले नाही. 2018 मध्ये मात्र त्या जातीची नोंद धोक्यात आलेल्या प्राण्यांत करावी लागली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या पंक्तीत, उपद्रवी म्हणून बसवले होते. त्यामुळे पन्नास वर्षे त्यांना मारायला परवानगीही लागत नव्हती. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. कायदा सुधारला, पण पन्नास वर्षांची सवय अनुसूचीबरोबर जात नाही.

रोगाचा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांनी प्राण्यांचे नुकसानच केले आहे. निपाह विषाणूचे नैसर्गिक घर टेरोपस आहे, यात शंका नाही. 1998-99 मध्ये मलेशियात तो वटवाघळांतून डुकरांत आणि डुकरांतून माणसांत आला. 2018 मध्ये केरळात कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत 17 माणसे दगावली, आणि त्यानंतरही तो तिथे परत परत आला आहे. महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहची लागण होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. हे वाचून कोणालाही झाडे तोडावीशी वाटली तर ते समजण्यासारखे आहे. पण पुरावा उलट दिशेला जातो. ऑस्ट्रेलियात 1994 मध्ये टेरोपसकडून घोड्यांत आणि घोड्यांतून माणसांत आलेला हेंड्रा विषाणू आढळला. पेगी एबी, रैना प्लोराइट आणि सहकाऱ्यांनी पाव शतकाची माहिती जमवून 2022 मध्ये दाखवले की विषाणू घोड्यांपर्यंत पोहोचण्याच्या घटना वाढल्या त्या वटवाघळांचे हिवाळ्यात फुलणारे जंगल तुटल्यावर आणि उपासमारीच्या वर्षांमागोमाग. भुकेली वटवाघळे मोठ्या वस्त्या मोडून लहान लहान गटांनी शेतांजवळ आणि वस्त्यांजवळ राहू लागली, आणि ताणाखाली विषाणू अधिक सोडू लागली. ज्या हिवाळ्यात उरलेले जंगल भरभरून फुलले, त्या वर्षी वटवाघळे तिकडे गेली आणि घोडे सुरक्षित राहिले. वस्तीचे झाड तोडणारा विषाणूला दूर करत नाही. एका जागी असलेला प्राणी दहा जागी पांगवतो आणि त्याला भुकेला करतो. मारण्याचा उपायही असाच उलटतो: इस्राएलने 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून फलाहारी वटवाघळांच्या गुहांमध्ये विषारी धुरी दिली, तेव्हा त्या गुहांत राहणारी आणि पिकांवरचे किडे खाणारी वटवाघळेच मोठ्या संख्येने मेली.

मग माणसाने काय करायचे? बरेच काही, आणि त्यातले काहीही महाग नाही. वटवाघळाने उष्टावलेले किंवा खाली पडलेले चावके फळ खाऊ नये. उघड्या मडक्यात रात्रभर जमलेली शिंदीची किंवा माडाची कच्ची नीरा पिऊ नये; बांगलादेशात खजुरीच्या रसातून निपाह पसरत असल्याचे कळल्यावर मडक्याभोवती बांबूच्या किंवा तागाच्या कामट्यांचा पडदा बांधण्याचा उपाय केला गेला, आणि पडदा असलेल्या झाडांपासून वटवाघळे दूर राहिली. खाली पडलेले पिल्लू किंवा जखमी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये, कारण चावा घेणे हा त्याचा बचाव आहे आणि रेबीजसारख्या विषाणूंचा धोका त्यातून असतो. झाडाखालच्या बाकड्यांची जागा बदलावी. बस्स. झाडाखालून चालत गेल्याने निपाह होत नाही. कोविडच्या साथीत 2020 मध्ये ठिकठिकाणी वस्त्यांची झाडे तोडण्याची मागणी झाली, फटाके फोडून वटवाघळे उठवली गेली. दक्षिण आशियातल्या साठहून अधिक अभ्यासकांना एकत्र येऊन सांगावे लागले की आपल्या वटवाघळांकडून माणसांना कोविड होत नाही. घाणीचा आणि वासाचा त्रास राहतो. तो खरा आहे, आणि वस्तीच्या झाडाखाली घर असलेल्याला तो सहन करायला सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणे. मेलबर्नने 2003 मध्ये आपल्या बागेतली वस्ती आवाज करून नदीकाठच्या यारा बेंड उद्यानात हलवली, पण त्याला माणसे, पैसे आणि चिकाटी लागली, आणि हलवलेली वटवाघळे राहतील अशी जागा आधी हाताशी असावी लागली. बहुतेक शहरांकडे ती नसते.

कायदा याबाबतीत कुठे उभा आहे ते पाहावे. महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायदा 1975 चा. त्याने वृक्ष प्राधिकरण आणले, झाडांची दर पाच वर्षांनी गणना सक्तीची केली. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि असे झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. वारसा वृक्ष ही चांगली कल्पना आहे; पण ऐंशी वर्षांच्या वडाला ऐंशी रोपे ही बरोबरी कागदावरच होते. वटवाघळांना लागतो तो उंच माथा, जाड आडव्या फांद्या आणि खालून मोकळी उडण्याची जागा, आणि या तीनही गोष्टी रोपाला यायला दोन पिढ्या जातात. वृक्षगणनेच्या तक्त्यात झाडाची जात, घेर, उंची आणि प्रकृती असते. वर कोण राहते हा रकाना असण्याचा आग्रह कोणी धरलेला दिसत नाही. तो एक रकाना वाढवायला खर्च नगण्य आहे. वस्ती असलेले झाड कळले तर त्याच्याजवळून जाणाऱ्या उघड्या वीजतारांना आवरण घालता येते, कारण एवढ्या लांब पंखांचे वटवाघूळ एकाच वेळी दोन तारांना टेकून मरते. दिवाळीत त्या आवारापुरते फटाके बंद ठेवता येतात. तमिळनाडूतल्या मदुराईजवळच्या पुलियांगुलम गावाने आपल्या वडावरच्या वटवाघळांसाठी फटाके सोडून दिले. महानगराला एका रस्त्यापुरते तेवढे जमण्यासारखे आहे.

एक बाब मात्र तातडीची आहे, आणि ती सांगून थांबतो. टेरोपसच्या माद्या फेब्रुवारी ते मे या काळात वितात. पिल्लू सुरुवातीचे काही आठवडे आईच्या छातीला चिकटून असते, आणि नंतर ती रात्री बाहेर जाते तेव्हा झाडावर एकटे राहते. त्याला नीट उडायला दोन-तीन महिने लागतात. हेच महिने उष्म्याचे. पारा 42 अंशांच्या वर गेला की टेरोपस घोळक्याने कोसळू लागते, हे ऑस्ट्रेलियात वारंवार नोंदले गेले आहे, आणि मे 2020 मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूर जिल्ह्यात मोठ्या संख्येने मेलेल्या वटवाघळांचे कारणही उष्माघातच निघाले. आणि नेमक्या याच महिन्यांत आपल्या महानगरपालिका पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची कामे काढतात. सावली सर्वांत जास्त लागते तेव्हा फांद्या उतरतात, आणि उडता न येणारी पिल्ले त्यांच्याबरोबर खाली येतात. धोकादायक फांदी कापू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु वस्ती असलेल्या झाडांची यादी करून त्यांची छाटणी नोव्हेंबर ते जानेवारीत उरकावी, एवढी मागणी प्रत्येक शहरातल्या वाचकाने आपापल्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळी तरतूद लागत नाही. कंत्राटावरची तारीख बदलावी लागते.